डायबेटीस, बीपी, हृदयरोग आणि शाकाहार: आहाराचं पुस्तक विकत घेण्याआधी काय तपासायचं?

एचबीएवनसीचा रिपोर्ट येतो. आकडा साडेसातच्या पुढे असतो. डॉक्टर गोळी लिहून देतात आणि सांगतात, "गोड बंद करा, पथ्य पाळा." बाहेर अजून वीस पेशंट ताटकळलेले असतात, त्यामुळे पथ्य म्हणजे नेमकं काय, हे विचारायचं राहून जातं. मग घरी येऊन सुरू होतो दुसरा अंक. आत्या म्हणते भात सोड, शेजारचे काका मेथीचं पाणी सुचवतात, व्हॉट्सअॅपवर कारल्याच्या रसाचा व्हिडिओ येतो आणि आठवड्याभरात कुणीतरी एक पुस्तक आणून हातात ठेवतं.

२०२३ मध्ये 'लॅन्सेट डायबेटीस अँड एंडोक्रायनॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष आले. त्यानुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. म्हणजे असं पुस्तक शोधणारी घरंही तितकीच मोठ्या संख्येनं आहेत. बाजारात पुस्तकांची कमतरता नाही. अडचण वेगळी आहे. एक पुस्तक म्हणतं दर दोन तासांनी खा, दुसरं म्हणतं दिवसातून दोनदाच खा. एक म्हणतं तूप खा, दुसरं म्हणतं तेलाचा थेंबही नको. आणि लेखक सगळेच 'तज्ज्ञ'.

यातलं कामाचं पुस्तक कसं ओळखायचं? शाकाहारी माणसानं त्यात काय शोधायचं? आणि फुकटात काय मिळू शकतं?

शाकाहारी म्हणजे आपोआप आरोग्यदायी?

नाही. साबुदाण्याची खिचडी शाकाहारी आहे, फरसाण शाकाहारी आहे, वडापाव आणि श्रीखंड-पुरीही शाकाहारीच. मांस-मासे नाहीत एवढ्यावरून ताटात काय *आहे* ते कळत नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या शाकाहारी ताटात पोळी, भात, बटाटा असा पिष्टमय पदार्थांचा भरणा असतो आणि डाळ पातळ वरणाच्या रूपात येते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं, म्हणजे आयसीएमआर-एनआयएननं, २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यात २००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटाचा हिशेब दिला आहे. धान्यं २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा अंडी-मांस) ८५ ग्रॅम, दाणे-बिया ३५ ग्रॅम, दूध ३०० मिली, तेल-तूप २७ ग्रॅम. ही सगळी वजनं कच्च्या जिन्नसांची आहेत.

आता गंमत बघा. प्रौढ माणसाला रोज दर किलो वजनामागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. वरच्या ताटात डाळींतून सुमारे १९, धान्यांतून २५, दुधातून १० आणि दाण्यांतून सहा-सात ग्रॅम मिळतात. बेरीज पन्नासच्या पुढे जाते. म्हणजे शाकाहारात प्रथिनं मिळत नाहीत हे खरं नाही, आणि काहीही शाकाहारी खाल्लं तरी मिळतात हेही खरं नाही. ८५ ग्रॅम डाळ म्हणजे दिवसाला घट्ट वरण-उसळीच्या जवळपास तीन वाट्या. आपल्यापैकी किती जण तेवढी खातात?

चांगलं पुस्तक हा असा हिशेब मांडून दाखवतं. 'प्रथिनयुक्त आहार घ्यावा' एवढंच लिहून पुढच्या प्रकरणाकडे वळणारं पुस्तक तुम्हाला आधीच माहीत असलेली गोष्टच सांगतंय.

आधी ठरवा, पुस्तक कशासाठी हवंय?

दुकानात 'आरोग्य' या पाटीखाली चार वेगवेगळ्या जातीची पुस्तकं एकत्र लावलेली असतात. काही पाककृतींची असतात. काही आजार समजावून सांगतात. काही एखाद्याच्या अनुभवाची असतात. आणि काही संदर्भग्रंथ, म्हणजे कुठल्या पदार्थात काय किती, याचे तक्ते.

घोटाळा होतो तो एका जातीच्या पुस्तकाकडून दुसऱ्याचं काम करून घेताना. अनुभवाचं पुस्तक वाचून धीर येतो, पण लेखकाला लागू पडलेलं प्रमाण तुम्हाला लागू पडेलच असं नाही. पाककृतींचं पुस्तक रोजच्या 'आज काय करू?' या प्रश्नाला उत्तर देतं, पण गोळीची वेळ आणि जेवणाची वेळ कशी जुळवायची हे त्यात नसतं. स्वयंपाक करणारी व्यक्ती आणि आजारी व्यक्ती वेगळ्या असतील, आणि आपल्या घरांत बहुतेकदा त्या वेगळ्याच असतात, तर दोघांना वेगवेगळी पुस्तकं लागू शकतात. सासऱ्यांचा डायबेटीस सांभाळणाऱ्या सुनेला स्वादुपिंडाच्या आकृतीपेक्षा डब्यात काय द्यायचं ते हवं असतं.

दुकानात उभ्या उभ्या दहा मिनिटांची तपासणी

सगळ्यात आधी बी-१२ शोधा. पुस्तक शाकाहारावर आहे आणि त्यात जीवनसत्त्व बी-१२ वर धड एक पानही नाही, तर ते पुस्तक खाली ठेवायला हरकत नाही.

कारण सरळ आहे. बी-१२ जिवाणू तयार करतात आणि आपल्या आहारात ते प्राण्यांपासून आलेल्या पदार्थांतून येतं. भाज्या, डाळी, धान्यं यांतून ते भरवशानं मिळत नाही. दूध, दही, ताक, पनीर यांतून थोडं मिळतं. हे जीवनसत्त्व कमी पडलं तर रक्तपेशी नीट तयार होत नाहीत आणि मज्जातंतूंनाही इजा होते: थकवा, हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा १९९३ पासून जो दीर्घ अभ्यास केला, त्यात बी-१२ ची कमतरता हा एक मोठा धागा आहे. म्हणजे हा प्रश्न परदेशातल्या व्हेगन लोकांचा नाही, आपल्या घरातला आहे.

आता यात मधुमेह मिसळा. मधुमेहात बहुतेकांना सगळ्यात आधी मिळणारी गोळी म्हणजे मेटफॉर्मिन. ती वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ शोषलं जाण्याचं प्रमाण कमी होऊ शकतं. शिवाय पायांना मुंग्या येणं हे जुन्या मधुमेहाचंही लक्षण आहे. म्हणजे शाकाहारी, मेटफॉर्मिन घेणारा माणूस 'पाय बधिर होतात' म्हणतो तेव्हा ते साखरेमुळे की बी-१२ मुळे, हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. पहिल्या कारणानं झालेली इजा सहसा मागे फिरत नाही. दुसऱ्या कारणाची वेळेत सापडली तर बरीचशी भरून निघते. मधुमेही शाकाहारी माणसासाठी लिहिलेल्या पुस्तकात हा मुद्दा नसेल, तर बाकीची दोनशे पानं कशी लिहिली असतील याचा अंदाज येतो. स्पिरुलिना, मशरूम किंवा आंबवलेल्या इडलीतून बी-१२ पूर्ण मिळतं असं लिहिलं असेल, तरी तेच समजा.

दुसरी तपासणी गुळाची. 'मधुमेहींसाठी खास' पाककृतींमध्ये साखर काढून त्या जागी गूळ, मध, खजूर घातलेला दिसतो का? रक्तातली साखर या सगळ्यांनी वाढते. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण ती मिळवण्यासाठी मधुमेही माणसानं लाडू खाणं हा महागडा सौदा आहे.

तिसरी, मिठाची. 'बीपी असेल तर साधं मीठ बंद, सैंधव चालेल' असं वाक्य सापडलं तर सावध व्हा. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराईडच. दिवसाला एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायचं असतं आणि त्यात पापड, लोणचं, चटणी, ब्रेड, फरसाण सगळं धरायचं असतं.

चौथी, प्रमाणाची. पाककृतीखाली 'किती जणांसाठी' लिहिलंय का? एका वाढणीत किती कॅलरी, किती कर्बोदकं? हे नसेल तर नाचणीच्या भाकरीची कृती ही नुसती भाकरीची कृती राहते. इथे ज्वारी-बाजरीबद्दलचा एक लाडका गैरसमजही तपासता येतो. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ६८ ग्रॅम कर्बोदकं असतात, नाचणीत ६७, बाजरीत ६२ आणि गव्हाच्या पिठात ६४. भरडधान्यांत तंतुमय भाग, लोह, नाचणीत भरपूर कॅल्शियम असे फायदे आहेतच. पण 'भाकरी कितीही खा, साखर वाढत नाही' असं सांगणाऱ्या लेखकानं हा तक्ता उघडून पाहिलेला नाही.

मग मलपृष्ठावरची लेखकाची ओळख वाचा. 'आहारतज्ज्ञ' हा शब्द छापण्याआधी प्रकाशकाला कुणी प्रमाणपत्र विचारत नाही. पोषणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, 'रजिस्टर्ड डाएटिशियन' ही मान्यता किंवा रुग्णालयातल्या आहार विभागातला अनुभव असेल तर उत्तम. एमबीबीएस-एमडी असणं चांगलंच, पण डॉक्टरांच्या शिक्षणात पोषण या विषयाला फार जागा नसते हे डॉक्टरच सांगतात. आयुर्वेदाच्या वैद्यांची पुस्तकं दोष, अग्नी, पथ्यापथ्य या वेगळ्या चौकटीत लिहिलेली असतात. ती त्या चौकटीत वाचावीत. त्यांच्या आधारे इन्शुलिनचे युनिट बदलायचे नसतात.

आणि ऑनलाइन घेताना लेखकाचं नाव शोधून बघा. २०२३ मध्ये अॅमेझॉनवर रानटी मशरूम ओळखायला शिकवणारी, एआयनं लिहिल्याचा संशय असलेली पुस्तकं विकायला आली होती आणि अमेरिकेतल्या अभ्यासकांना जाहीर इशारा द्यावा लागला होता. आजारातल्या आहाराची पुस्तकं यापासून सुरक्षित असतील असं मानायला काही कारण नाही.

मुखपृष्ठावर 'मुक्ती' लिहिलंय, मग?

१९५४ चा औषधं आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा सांगतो की मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयरोग, लठ्ठपणा, कर्करोग अशा यादीतल्या आजारांवर औषधानं हमखास उपाय होतो अशी जाहिरात करता येत नाही. पण त्याच कायद्यातलं कलम १४ शास्त्रीय किंवा सामाजिक दृष्टिकोनातून प्रामाणिकपणे लिहिलेल्या पुस्तकांना सूट देतं. ही सूट योग्यच आहे, नाहीतर वैद्यकीय ग्रंथही अडचणीत आले असते. मात्र वाचकासाठी त्याचा अर्थ असा, की चूर्णाच्या डबीवर लिहिलं तर आक्षेप घेता येईल असं वाक्य पुस्तकाच्या पानांत आरामात सापडू शकतं.

आता 'मुक्ती' या शब्दाबद्दल. वैद्यकशास्त्रात वापरला जाणारा शब्द आहे रेमिशन. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं त्याची व्याख्या केली: साखरेची औषधं बंद करून किमान ३ महिने झाल्यावरही एचबीएवनसी ६.५ टक्क्यांच्या खाली असणं. ही अवस्था खरंच गाठता येते. ब्रिटनमध्ये झालेल्या 'डायरेक्ट' या चाचणीचे पहिल्या वर्षाचे निकाल २०१७ मध्ये आले. कमी कॅलरींचा आहार घेऊन वजन उतरवलेल्या गटात ४६ टक्के लोकांचा मधुमेह रेमिशनमध्ये गेला होता, नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात ४ टक्के. पण त्या चाचणीत मधुमेह होऊन ६ वर्षांच्या आत असलेले, इन्शुलिन न घेणारे लोक होते आणि सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली चाललं होतं. शिवाय वजन परत वाढलं की साखरही परत येते. म्हणून रेमिशन गाठलेल्यांनाही दरवर्षी तपासणी करायला सांगतात.

थोडक्यात, 'रिव्हर्सल'बद्दल बोलणारं प्रत्येक पुस्तक थापा मारतं असं नाही. पण ते कुणाला शक्य आहे आणि कुणाला नाही, हे त्यात लिहिलेलं हवं. टाइप १ मधुमेहात, जिथे शरीर इन्शुलिन तयारच करत नाही, तिथे कुठल्याही आहारानं इन्शुलिन थांबवता येत नाही. हा फरक न सांगता 'इन्शुलिन सोडा' म्हणणारं पुस्तक जिवावर बेतू शकतं.

दीक्षित की दिवेकर?

महाराष्ट्रात काही वर्षांपूर्वी हा वाद लग्नाच्या पंगतीपर्यंत पोहोचला होता. दिवंगत नेते डॉ. श्रीकांत जिचकार यांची कल्पना पुढे नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, कडक भूक लागेल त्या दोन वेळा ठरवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही खाऊ नका. ऋजुता दिवेकर यांचं २००९ मधलं गाजलेलं इंग्रजी पुस्तक सांगतं, दर दोन तासांनी थोडं थोडं खा आणि आपलं पारंपरिक, स्थानिक अन्न खा.

दोघांचेही चाहते भरपूर आणि दोघांकडेही फायदा झाल्याचे दाखले. दोन्ही पद्धतींत एक गोष्ट सारखी आहे, बिस्किटं, फरसाण, कोल्ड्रिंक असं दिवसभर तोंडात टाकलं जाणारं खाणं बंद होतं. मला वाटतं बऱ्याच जणांच्या फायद्यातला मोठा वाटा यातच असावा.

पण आजारी माणसासाठी प्रश्न कोण बरोबर हा नाही, माझ्या गोळ्यांबरोबर काय जुळतं हा आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असताना जेवणांमधलं अंतर अचानक वाढवलं, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते: घाम, थरथर, गोंधळ, कधी बेशुद्धी. दोन जेवणांवर जायचंच असेल तर आधी डॉक्टरांकडून गोळीचं प्रमाण बदलून घ्यावं लागतं. दीक्षितांच्या पद्धतीतही सुरुवातीला एचबीएवनसी आणि उपाशीपोटीचं इन्शुलिन तपासायला सांगितलं जातं. पुस्तक मित्राकडून मित्राकडे जाताना नेमकं तेच पान गळतं.

गडचिरोलीचं पुस्तक आणि कॅलिफोर्नियाचं पुस्तक

मराठीत या विषयावरचं एक पुस्तक सुचवा असं कुणी विचारलं, तर अनेक जण आजही डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हेच नाव घेतील. गडचिरोलीत आदिवासींच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या या डॉक्टरला १९९५ मध्ये, पंचेचाळिशीच्या आतच, हृदयविकाराचा झटका आला. स्वतः डॉक्टर असून आपण आपल्या शरीराकडे कसं दुर्लक्ष केलं आणि मग खाणं, व्यायाम, ध्यान, मनातला ताण यांकडे कसं बघितलं, याची ती गोष्ट आहे. हे अनुभवाचं पुस्तक आहे. पण लेखकाला शास्त्र कळतं, म्हणून तो अनुभव कुठे संपतो आणि पुरावा कुठे सुरू होतो याचं भान त्यात आहे. रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना एकत्र वाचायला ते चांगलं आहे.

बंग यांच्यावर ज्यांच्या कामाचा प्रभाव पडला ते अमेरिकन डॉक्टर डीन ऑर्निश. त्यांचा प्रयोग १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. शाकाहाराच्या पुस्तकांत तो सारखा भेटतो, म्हणून तो नीट माहीत असलेला बरा. एका गटात २८ रुग्ण, दुसऱ्यात २०. पहिल्या गटाला अत्यंत कमी स्निग्धांशाचा, म्हणजे एकूण कॅलरींच्या सुमारे १० टक्केच, शाकाहार दिला. त्यांच्या हृदयाच्या धमन्यांमधले अडथळे वर्षभरात सरासरीनं थोडे कमी झाले, दुसऱ्या गटाचे वाढले.

'शाकाहारानं हृदयरोग बरा होतो' असं म्हणताना तीन गोष्टी गाळल्या जातात. त्या गटानं धूम्रपान सोडलं होतं, व्यायाम आणि योगाभ्यास केला होता, एकमेकांना आधार देणारा गट चालवला होता. आहाराचा एकट्याचा वाटा किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. दुसरं, एकूण रुग्ण पन्नाससुद्धा नव्हते. आणि तिसरं, तो शाकाहार म्हणजे आपला तेलाची फोडणी आणि वरून तूप असलेला शाकाहार नव्हे. हे तिन्ही मुद्दे सांगून ऑर्निश यांचा दाखला देणारा लेखक भेटला, तर त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

अनुवादित पुस्तकांबद्दल एक वेगळी अडचण आहे. विज्ञान बरोबर असतं, पण ताट परकं असतं. केल, अॅव्होकॅडो, ओट मिल्क. सांगलीत हे रोज आणायचं कुठून आणि का? पालक, शेपू, राजगिरा, मटकी, शेंगदाणे यांनी तेच काम होतं, पण ते भाषांतर अनुवादक करत नाही. वाचकाला करावं लागतं.

जुनं पुस्तक किती जुनं चालेल?

महात्मा गांधींनी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहून पूर्ण केलं. त्याचा इंग्रजी अनुवाद 'की टू हेल्थ' १९४८ मध्ये आला. गांधींनी १९१२ मध्ये दूध सोडलं होतं. १९१८ मध्ये ते आमांशानं इतके आजारी पडले की मुंबईच्या डॉक्टरांनी दुधाशिवाय ताकद येणार नाही असं सांगितलं, आणि कस्तुरबांनी सुचवलं की व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं होतं, शेळीचं तर चालेल. ते शेळीचं दूध पुढे त्यांची ओळखच बनलं. नुसत्या वनस्पतींवर आपलं भागलं नाही, हे त्यांनी मोकळेपणानं लिहून ठेवलं. बी-१२ प्रयोगशाळेत वेगळं काढलं गेलं ते १९४८ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी. दुधातून काय मिळतं याचं हे एक उत्तर तोवर कुणाकडे नव्हतंच.

म्हणून जुनी पुस्तकं वाचू नयेत असं नाही. पण आकडे मात्र नवे हवेत. याचं रोजच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे पोहे. डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांच्या जुन्या सरकारी तक्त्यांत १०० ग्रॅम पोह्यांत २० मिलिग्रॅम लोह दिलं होतं. एनआयएनच्या २०१७ च्या नव्या तक्त्यांत तो आकडा साडेचारच्या आसपास आहे. चौपटीहून जास्त फरक! पण 'अॅनिमिया असेल तर पोहे खा, भरपूर लोह' हे वाक्य नव्या पुस्तकांतही जुन्या आकड्यासकट छापलं जातं. हिमोग्लोबिन आठवर आलेल्या मुलीची लोहाची गोळी बंद करून कुणी पोह्यांवर भिस्त ठेवली तर काय होईल?

आवृत्तीचं पानही बघा. मराठीत 'आठवी आवृत्ती' म्हणजे बऱ्याचदा आठवं पुनर्मुद्रण असतं. मजकूर पहिल्या आवृत्तीचाच. 'सुधारित' हा शब्द आहे का आणि कुठल्या सालाचा, ते महत्त्वाचं.

एकाचं पथ्य, दुसऱ्याला अपाय

हा भाग सगळ्यात धोक्याचा, कारण इथे पुस्तक चुकीचं नसतं, माणूस चुकीचा असतो.

बीपीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं: पालेभाज्या, केळी, शहाळं, टोमॅटो, कडधान्यं भरपूर घ्या, त्यांत पोटॅशियम असतं. मूत्रपिंडं चांगली असतील तर हा सल्ला उत्तम आहे. पण बरीच वर्षं मधुमेह आणि बीपी असलेल्या माणसाची मूत्रपिंडं कमकुवत झालेली असू शकतात. अशा वेळी पोटॅशियम शरीराबाहेर टाकलं जात नाही, ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, थांबूही शकतात. 'लो सोडियम' मिठाचंही तसंच. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. करमळ, म्हणजे स्टारफ्रूट, तर मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी थेट विषारी ठरू शकतं.

त्यामुळे आहाराचं कुठलंही पुस्तक लागू करण्याआधी क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर हे दोन आकडे हाताशी हवेत. मूत्रपिंडाच्या आजारात प्रथिनं किती घ्यायची हे टप्प्यानुसार बदलतं, डायलिसिस सुरू झाल्यावर तर सल्ला उलटाच होतो. इथे पुस्तकाच्या भरवशावर राहू नका. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञाची भेट मागून घ्या.

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या एकदम वाढवू किंवा बंद करू नयेत, त्यातल्या जीवनसत्त्व के मुळे औषधाचा परिणाम बदलतो. आणि दुधीचा रस. कडू लागला तर एक घोटही घेऊ नका. २०१० मध्ये दिल्लीत असा रस प्यायल्यावर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला होता, त्यानंतर आयसीएमआरनं तज्ज्ञ समिती नेमून इशारा दिला. हा इशारा न छापता दुधीच्या रसाचं गुणगान गाणारी पुस्तकं अजून विकली जातात.

मग मिळणार कुठे?

सुरुवात फुकटापासून करा. एनआयएनच्या संकेतस्थळावर २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं पीडीएफमध्ये मोफत आहेत. इंग्रजी सोपं आहे आणि तक्ते भाषेशिवायही समजतात. घरात इंग्रजी वाचणारं कुणी असेल तर ताटाचं ते एक पान मराठीत उतरवून फ्रीजवर लावा. त्याच संस्थेचे २०१७ चे अन्नघटक तक्ते देशभरातून गोळा केलेल्या ५२८ खाद्यपदार्थांचे आहेत. एखाद्या पुस्तकातला दावा पटला नाही तर तपासायला हीच जागा.

पैसे खर्च करायचे आणि इंग्रजी चालत असेल, तर बी. श्रीलक्ष्मी यांचं 'डायटेटिक्स' पाहा. हे गृहविज्ञानाच्या विद्यार्थ्यांचं पाठ्यपुस्तक आहे, त्यामुळे रंगीत फोटो नाहीत आणि धीर देणारी वाक्यंही नाहीत. पण मधुमेह, हृदयरोग, मूत्रपिंडाचे आजार असं आजारानुसार प्रकरण आहे आणि ताट भारतीय आहे. पाककृतींसाठी तरला दलाल यांची मधुमेहींसाठीची शाकाहारी पुस्तकं अजूनही मिळतात, त्यांत मापं नीट असतात. मराठीत पोषणशास्त्र घरापर्यंत आणणाऱ्यांत मालती कारवारकर यांचं नाव जुनं आहे. गरोदरपण आणि मुलांच्या पोषणासाठी त्यांचं 'वंशवेल' वाचनालयात सहसा सापडतं. वर सांगितलेली बी-१२ आणि पोह्यांची कसोटी या सगळ्यांनाही लावाच.

वाचनालयाचा पर्याय आपण उगाच विसरतो. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि तालुक्याच्या गावीही अनुदानित वाचनालयं आहेत. दोनशे-तीनशे रुपयांची पाच पुस्तकं घेण्याआधी तीच पाच महिनाभर घरी आणून चाळता येतात. ड्युई पद्धतीनं पुस्तकं लावलेली असतील तर तीन वेगळ्या कपाटांकडे जावं लागेल: आहार आणि आरोग्य ६१३.२ ला, आजारातला आहार ६१५.८५४ ला आणि शाकाहारी व पथ्याचा स्वयंपाक ६४१.५६ च्या आसपास. नुसतं 'डायबेटीसचं पुस्तक द्या' म्हटलं तर ग्रंथपाल ६१६ कडे नेतील, तिथे आजार भेटेल, जेवण नाही.

पुस्तक आवडलं तर पुढच्या तपासणीला जाताना ते सोबत न्या. डॉक्टरांना दोनशे पानं वाचायला वेळ नसतो, म्हणून जे दोन-तीन बदल करायचे आहेत त्या पानांवर खुणा करा आणि थेट विचारा: हे सुरू केलं तर माझ्या कुठल्या गोळीचं प्रमाण बदलावं लागेल, आणि किती दिवसांनी कुठली तपासणी करायची?